करंट की पेट्रोल, हिरामण?

हिरामण, कपिला पुन्हा हिसके देत मिसिंग मारायला लागली आहे आणि तू मरून बसलास. हा काय न्याय झाला? पंधरा वर्षं निंबाखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतास, "डाक्टरच्या गाडीले माह्याशिवाय कोनी हात लावन, तं हात तोडीन." आता घे, तोड कोणाचे तोडतोस ते.

दसऱ्याच्या संध्याकाळीच तिचा खोकला सुरू झाला होता. म्हटलं, उद्या हिरामण नागपूरहून येईल, दाखवू. दुसऱ्या दिवशी निघणार तर दारात कोंढ्याचा माणूस उभा, म्हैस अडली म्हणून. कोंढा माझं गाव, तिथं नाही म्हणायची सोय नाही. म्हैस सुटली, पारडू जगलं, मला मुक्काम पडला. तिसऱ्या दिवशी कपिला खोकत खोकत तुझ्या निंबाखाली आणली तर ही गर्दी. दसऱ्यानंतर तुझ्याकडे गर्दी असतेच, म्हणून मी नेहमीसारखा हॉर्न वाजवला. दोनदा वाजवला. लोक वळून बघायला लागले तेव्हा दिसलं, सगळे पांढऱ्या कपड्यांत होते. तुझ्या मयतीत मी हॉर्न वाजवला रे! "तुह्यासारखा गधा लाखनीत दुसरा नाही," असं तू मला एकट्याला सांगायचास. त्या दिवशी साऱ्या लाखनीनं पाहिलं.

कशानं गेलास, किती वाजता गेलास, मागे कोण कोण, हे मी लिहिणार नाही. ते लिहिणारे पुष्कळ आहेत. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे, ते मला आधी मिटवायचं आहे. शिवाय एक गोष्ट मी दहा वर्षं तुझ्यापासून लपवली, ती पण सांगून टाकायची आहे. आता सांगितली तर तुझं काही नुकसान नाही. कोणी तुझं गिऱ्हाईक पळवणार नाही.

तू मोटारींचा मिस्त्री आणि मी ढोरांचा डॉक्टर. दोघांचेही पेशंट मुके. आपली पहिली भेट आठवते का? मी नुकती ती जुनी मोटार एका बदली झालेल्या साहेबाकडून घेतली होती. मातकट रंगाची, गोल पाठीची, चालताना मान डोलावणारी. आई म्हणाली, "ही तं कपिला गाय दिसते बाप्पा!" तेच नाव पडलं. पंधरा दिवसांत गायीला खोकला झाला. चढावर चार बैलांतला एक मध्येच पाय ओढावा तशी ती अडखळायची, हिसके द्यायची, मागून फट्ट करायची. मी तुझ्याकडे आणली, बॉनेट उघडलं, आणि तुझ्यावर छाप पडावी म्हणून गळ्यातला स्टेथोस्कोप कानाला लावून इंजिनाला टेकवला.

तू बिडी विझवून उठलास. शांतपणे माझ्या कानातून नळ्या काढल्यास आणि म्हणालास, "थे ठेवून द्या डाक्टर साहेब. हे गाभन नाही."

निंबाखालचे लोक इतके हसले की माझे कान तापले. मग तू हात वर केलास आणि ओरडलास, "सारे चूप!" चहावाल्यानं भरभरणारा स्टोव्ह बंद केला. बाकावरचे दोन म्हातारे बोलायचे थांबले. तू डोळे मिटून, मान वाकडी करून उभा राहिलास. मिनिटभरानं म्हणालास, "तीन नंबर. करंट नाही पोचून राहिला." तीन नंबरचा प्लग काढला तर काळाकुट्ट. तो पुसला, नवी वायर टाकली आणि कपिला रवंथ करायला लागली.

मी हरलो होतो, पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. म्हटलं, "पेट्रोलमध्ये कचरा असेल. त्यानंच प्लग काळा झाला." तू माझ्याकडे असं बघितलंस, जसा मी बैलाला अंडी घालायला लावणाऱ्या माणसाकडे बघतो.

तिथून सुरू झालं ते पंधरा वर्षं चाललं. माझा पक्ष पेट्रोलचा, तुझा करंटचा. कपिला अडली की मी म्हणायचो कार्बोरेटर उघड, तू म्हणायचास करंटचा पॉइंट बघतो. चारचौघांत तू मला "डाक्टर साहेब, तुमी" म्हणायचास. बॉनेटखाली दोघांची डोकी गेली की "तुले काय कयते बे?" बॉनेटच्या वर काढलं की पुन्हा "तुमी." बाहेर माझी इज्जत राखली आणि आत तिची चटणी केली. मला ते आवडायचं, हे आज कबूल करतो. साऱ्या तालुक्यात मला "अबे" म्हणणारा तू एकटाच होतास.

पंधरा वर्षांत एकदाच पेट्रोलचं खरं निघालं. टाकी रिकामी होती. तोही मी विजय धरला, आठवतं ना? लाडू वाटले होते.

तुझ्या कानाची काय ख्याती होती तेव्हा! हमरस्त्यावरून ट्रक जायचा आणि तू चहाचा घोट घेता घेता म्हणायचास, "याच्या नोझलमध्ये कचरा हाये, साकोलीच्या पुढं नाही जात." तासाभरानं क्लीनर सायकलीवर परत यायचा तुला बोलवायला. लोक पैज लावायचे. दुसरे मिस्त्री होते, पाने त्यांच्याकडेही होते. पण लोक तुझ्याकडे यायचे ते कानासाठी. कानाचा मिस्त्री हेच तुझं नाव झालं होतं. पाटीसुद्धा नव्हती तुझी.

आणि दरवर्षीचा तो दसरा. आई होती तोवर तिनं दसऱ्याला कपिलेची पूजा कधी चुकवली नाही. नुसत्या चाकांना हळदकुंकू लावून तिचं भागायचं नाही. "टिया कपायाले लावतेत, पायाले लावून कायचं पुन्न? उघड तिचं डोस्कं!" मी बॉनेट उघडायचो. आत इंजिनाच्या बाजूला ते काळं गोल टोपण असतं, डिस्ट्रिब्युटरचं, ज्याच्यातून पाच जाड वायरी निघतात. आईनं पहिल्याच वर्षी ओळखलं, "हेच डोस्कं. हे पाह्य, केस निघाले." त्या डोक्याला हळद, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता, आणि नारळ फोडला की पाणी सगळं डोक्यावर. मी पदवीधर माणूस, ताट धरून बाजूला उभा.

तू त्या दिवशी नागपूरला असायचास. दसऱ्याला तू दीक्षाभूमी चुकवली नाहीस. दुसऱ्या दिवशी परत यायचास तेव्हा तुझ्या निंबाखाली रांग लागलेली असायची. सरकारी जीप, मिलवाल्याची मोटार, दोन फटफट्या आणि माझी कपिला, सगळ्यांना एकच आजार. मी म्हणायचो, "सणाच्या गर्दीत पंपावरच्या टाकीचा तळ ढवळतो, गाळ येतो." तू टोपण काढायचास, पॉलिश पेपरनं पॉइंट घासल्यासारखं करायचास, पेट्रोलच्या फडक्यानं काहीतरी पुसायचास. गाडी सुरू. "करंट," एवढंच म्हणायचास. मी म्हणायचो, "दिसलं तुला! पुसायला फडकं कशात बुडवलंस? पेट्रोलमध्येच ना?"

आता लपवलेली गोष्ट.

एका दुपारी मी तुझ्या पाठीमागून गाडी आणली. तू स्टुलावर पाठमोरा बसून पॉइंट घासत होतास. मी हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. तू ढिम्म. म्हटलं, नखरे करतो आहे. गाडी हळूहळू पुढे घेतली तर बंपर स्टुलाला लागला आणि तू उडालास. उठून माझ्यावरच ओरडलास, "हॉर्न नाही का बे तुह्या गाडीले?"

तुझा चेहरा खरोखरच रागावलेला होता. तुला खरंच ऐकू आलं नव्हतं.

त्याच सुमारास तू स्क्रू पिळायचा तो लांब पेचकस इंजिन ऐकायला वापरायला लागलास. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि लाकडी मूठ दातांत धरायची. लोक कौतुकानं म्हणाले, "मिस्त्री आता दातानं आयकते!" तुझं नाव अजून वाढलं. मी मात्र घरी आलो आणि कॉलेजातलं जुनं पुस्तक काढून बसलो. कानाचं बाहेरचं दार बंद झालं, तरी आतलं घर शाबूत असेल तर आवाज हाडांतून आत पोचतो. दात हाडांतच रुतलेले असतात. बैलाचं असो की मिस्त्रीचं, हाड ते हाड. माझा कानाचा मिस्त्री बहिरा होत चालला होता, आणि हे मला एकट्याला कळलं होतं.

मी ठरवलं, हे कोणाला कळू द्यायचं नाही. तुलाही कळू द्यायचं नाही की मला कळलं आहे. रस्त्यावर नवीन गॅरेजं निघत होती. "मिस्त्रीचा कान गेला," एवढं वाक्य एकदा चहावाल्यापर्यंत पोचलं असतं की संपलं. तुझी सगळी इस्टेट त्या दोन कानांत होती.

मग मी काय काय केलं, ते ऐक आता. तुझ्याशी बोलताना मी नेहमी समोर उभा राहायला लागलो, तुला माझे ओठ दिसावेत म्हणून. गिऱ्हाइकानं पाठीमागून काही विचारलं की मी त्याला दम द्यायचो, "मिस्त्री विचार करून राहिले, बोलू नका!" आणि ओरडायला लागलो. आपलं भांडण पहिल्यापासून चढ्या आवाजातच होतं, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. करंट-पेट्रोलचा वाद मी मुद्दाम रोज उकरून काढायचो, म्हणजे ओरडायला कारण मिळायचं. त्या सवयीनं माझं गळ्याचं बटण बिघडलं ते बिघडलंच. घरात बायको म्हणायची, "मी बहिरी नाही, मीठ आणते." एका गोठ्यात मी नुसतं "शेपटी धरा" म्हणालो तर म्हैस दावं तोडून गेली.

आणि मग मिलवाल्याच्या मोटारीचा तो दिवस.

दसरा होऊन दोन दिवस झाले होते. राइस मिलवाल्याच्या मुलीचं साक्षगंध होतं नागपूरला, सगळं वऱ्हाड नटूनथटून तयार, आणि मोटार हिसके देत होती. त्यानं तुला बोलावलं आणि घाईत भंडाऱ्याहून एक नवा मिस्त्रीही बोलावून ठेवला. इस्त्रीचा शर्ट, खिशात तपासायचा दिवा. तू मला म्हणालास, "चला डाक्टर साहेब, पेट्रोलचा कचरा पाहाले." मिलच्या अंगणात पन्नासेक माणसं असतील.

त्या नव्या मिस्त्रीला कुठून तरी वास लागला होता. तो तुझ्या पाठीमागे गेला आणि म्हणाला, "ओ मिस्त्री!" तू वळला नाहीस. तो पुन्हा म्हणाला, मोठ्यानं. तू बॉनेटच उघडत होतास. तो गर्दीकडे बघून हसला. मी ओरडलो, "काम करताना मिस्त्री कोणाला ओ देत नसतात!"

तू पेचकस काढलास. तर तो पुढे येऊन तुझ्या तोंडासमोरच म्हणाला, "दातात कायले धरता? कानाचे मिस्त्री ना तुमी? कानानं सांगा ना बाप्पा!" मिलवाल्यालाही गंमत वाटली. "हो हो, कानानंच होऊन जाऊ द्या आज." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तू पेचकस खिशात ठेवलास. मोटार सुरू होती, फट-फट करत होती. तू डोळे मिटलेस, मान वाकडी केलीस, अगदी पूर्वीसारखी. आणि मला एकट्याला ठाऊक होतं की तुला काही ऐकू येत नाही. हिरामण, तुझ्या त्या वाकड्या मानेकडे बघून मला रडूच येणार होतं.

तू डोळे उघडलेस तसा मी गर्दीतून पुढे सरकलो आणि तुला खूण केली. माझ्या मते दोष पेट्रोलचाच होता. पेट्रोल खुणेनं कसं सांगायचं? मी मूठ वळून अंगठा तोंडाकडे नेला आणि मान मागे टाकली. एकदा, दोनदा, तीनदा. मोटार पिते ते पेट्रोल, हे माझ्या डोक्यात होतं. गर्दीच्या डोक्यात दुसरंच आलं.

मिलवाला म्हणाला, "डाक्टर साहेब! सकाळी नऊ वाजता?"

काय हशा झाला तो! नवरीचा मामा पुढे येऊन माझ्या कानात म्हणाला की नागपूरला गेल्यावर बंदोबस्त करू. मी अंगठा खाली घेतला नाही, कारण तू अजून बघत होतास. तू माझ्याकडे बघितलंस, चांगलं दोन-तीन श्वास बघितलंस. मग इंजिनावर ओणवा झालास, तळहात ठेवलास, नाक त्या काळ्या टोपणाजवळ नेलंस आणि सरळ उभा राहिलास.

"करंट," तू म्हणालास.

मी कपाळाला हात लावला. गेला, म्हटलं, धंदा गेला. नवा मिस्त्री म्हणाला, "कोन्त्या नंबरात?" तू त्याच्या ओठांकडे बघून म्हणालास, "नंबर-गिंबर काही नाही. डोस्क्यातच घोय हाये." मोटार बंद करायला लावलीस, खांद्यावरचं फडकं पेट्रोलमध्ये भिजवलंस, टोपण बाहेरून-आतून पुसलंस, वायरींचे बुडखे पुसलेस, लावलंस. मोटार अशी सुरू झाली की नवरीच्या आजीनं हात जोडले. मिलवाल्यानं विचारलं, "झालं काय होतं?" तू म्हणालास, "ओल धरली होती थोडी." त्याचा ड्रायव्हर बाजूलाच उभा होता, कपाळावर हा मोठा टिळा. त्या नव्या मिस्त्रीनं दिवा खिशात घातला आणि तो बसस्टँडकडे निघून गेला.

परतताना तू कपिलेत माझ्या बाजूला बसला होतास. मी ओरडून म्हणालो, "पेट्रोलच होतं! पुसताना गळालं टोपणात, म्हणून सुरू झाली!" तू बाहेर धानाच्या बांध्या बघत होतास. मग म्हणालास, "तू अंगठा काहून दाखवून राहिला होता बे?"

तेव्हाच बोलायला हवं होतं मी. मी म्हणालो, "तहान लागली होती."

"पानी तोंडानं मांगतेत," तू म्हणालास.

पुढे वर्षभर मला लोक ओळखायचे ते त्या अंगठ्यावरून. "डॉक्टर हुशार आहे हो, पण..." आणि अंगठा. ही बातमी माझ्या घरी माझ्या आधी पोचली होती. बायको तीन दिवस बोलली नाही, आणि आईनं देवासमोर बसवून शपथ घ्यायला लावली. जी मी कधी सुरूच केली नव्हती ती दारू सोडायची शपथ! खरं काय ते मी कोणाला सांगू शकत नव्हतो. घेतली शपथ. पाळतो आहे.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्या वर्षी दसऱ्याला पूजा झाली नाही आणि कपिला खोकली नाही. मी तुझ्याकडे आलो, छाती फुगवून म्हणालो, "बघ! पंपवाल्यानं टाकी साफ केली. आता तरी मान!" तू माझ्या खांद्यावर तुझा काळा हात ठेवलास, माझा पांढरा सदरा खराब केलास, आणि म्हणालास, "म्हातारी चांगली होती बे." मला वाटलं, वयानं तुझं चित्त ठिकाणावर राहत नाही.

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला आलो होतो. वंदना झाली, जेवणं झाली, लोक पांगले. तुझी बायको, माझी वहिनी, आतून तो पेचकस घेऊन आली. पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेला.

"हा तुमच्यासाठी हाये, भाऊजी. त्यायनं सांगून ठेवलं होतं."

सवयीनं मोठ्यानंच बोललो, "वहिनी, कपिला पुन्हा बिघडली आणि हा गेला!"

वहिनीनं विचारलं, "औंदा पूजा केली का जी घरी?" म्हटलं, हो, आईची आठवण म्हणून यंदा बायकोनं केली. बॉनेट उघडून, डोक्यावर नारळपाणी घालून, सगळं आईसारखं. वहिनी तोंडाला पदर लावून हसली. नवऱ्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थे नारयाचं पानी अन् ओलं कुंकू. त्याच्यावरून करंट पयून जाते म्हनत, प्लगात जातच नाही. सारी लाखनी दसऱ्याले गाडीचं डोस्कं भिजवते अन् दुसऱ्या दिवशी ह्यायच्याकडं येते. मी म्हनलं, सांगून टाका ना त्यायच्या आईले एकडाव. तं म्हने, मी सांगतलं तं लोक म्हनतीन, हा बौद्ध झाला अन् कुंकवाच्या मांगं लागला. अन् म्हातारी दरसाल पुरनपोयी धाडते मले. पुसाले कितीक वेळ लागते?"

एवढे दसरे, हिरामण! एवढी वर्षं मी पंपवाल्याला शिव्या दिल्या.

वहिनी थांबली नाही. म्हणाली, "अन् थे कानाचं..."

"कसलं कानाचं?" मी म्हणालो. दहा वर्षांची सवय. "कान तर उत्तम होता त्याचा!"

"राहू द्या आता, भाऊजी. त्यायले माहीत होतं तुमाले माहीत हाये म्हनून. मिलवाल्याच्या घरून आले, त्या दिवशी जेवले नाही. म्हने, डाक्टरनं अंगठा दाखवला, पेट्रोल सांगून राहिला होता. साफ चूक. पन माह्यासाठी पन्नास मानसात दारुडा झाला तो."

मी विचारलं, मग बोलला का नाही माझ्याजवळ? एवढी वर्षं मी कशाला बोंबलत होतो?

"मी बी तेच म्हनलं. तं म्हने, सांगू नको त्याले. त्याले समजलं तं लाजन, अन् वरडनं बंद करन. साऱ्या लाखनीत त्याचाच एक आवाज साफ येते मले."

पेचकस घेऊन घरी आलो. बॉनेट उघडलं. काळ्या टोपणावर हळदीकुंकवाचा खपला बसला होता, खाचेत दोन अक्षता. फडकं पेट्रोलमध्ये भिजवलं, पण हात चालेना. पूजा आईची आणि पुसणं तुझं, आणि दोघंही नाहीत. मग तुझी शिवी आठवली आणि पुसून टाकलं. अक्षता तेवढ्या खिशात ठेवल्या. टोपण लावलं, वायरी बसवल्या, किल्ली फिरवली. कपिला सुरू झाली, एकही हिसका नाही.

पेचकसाच्या लाकडी मुठीवर तुझ्या दातांच्या खुणा आहेत. त्या खुणांवर माझे दात ठेवले आणि टोक इंजिनाला टेकवलं. बाप्पा! माझ्या डोक्यात सगळी कपिला वाजायला लागली. चारही नंबर वेगवेगळे, वॉल्व्हची टकटक, पंख्याच्या पट्ट्याची कुरकुर, इतकं की कानांनी मला पंधरा वर्षांत ऐकू आलं नव्हतं. मी तुझी कीव करत होतो, गाढव मी.

पेचकस बाजूला ठेवला, निंबाच्या दिशेला तोंड केलं आणि पोटातून ओरडलो, "करंटच होता बे, हिरामण! दर दसऱ्याला करंटच होता! मी हरलो!"

शेजारची म्हातारी हातातलं सूप घेऊन धावत बाहेर आली. "काय झालं वो डाक्टर? कोनावर वरडून राहिले इतके?"

"आमच्या मिस्त्रीवर," मी म्हणालो. "त्याला थोडं कमी ऐकू येतं."